जुन्या गाडीखालचा गंज: या चुका टाळा

जुनी गाडी रॅम्पवर चढवली, खाली तपकिरी डाग दिसले, की बहुतेक जण काळं अंडरकोटिंग (गाडीच्या तळाला द्यायचा रबरी संरक्षक थर) मारून मोकळे होतात. खालचा भाग काळाकुळकुळीत दिसतो आणि मनाला समाधान मिळतं. सगळ्यात महागात पडणारी चूक नेमकी हीच.

गंजाला लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एवढंच लागतं. सोबत मीठ असेल, मग ते समुद्राच्या हवेतलं असो की बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं, तर त्याचा वेग कितीतरी वाढतो. गंज आणि ओल पत्र्यावर तशीच ठेवून वरून रबरी थर दिला, तर ओल आत कोंडून राहते. पुढे तो थर कडक होतो, त्याला बारीक चिरा जातात. चिरेतून पाणी आत शिरतं, पण वाळायला त्याला वाट मिळत नाही. वरून सगळं शाबूत दिसत असतं आणि बोटाने दाबलं की खाली पोपडे करकरतात. असा फुगलेला थर दिसला की स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढायचा, अगदी चांगला पत्रा लागेपर्यंत. जो थर घट्ट चिकटलेला आहे आणि ज्याच्या कडा उचलल्या जात नाहीत, त्याला मात्र हात लावू नका. तो आपलं काम करतोय.

नुसत्या नजरेने तपासणं ही दुसरी चूक. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे एखादी जाड खपली पाहून पत्रा संपला असं वाटतं आणि खपली काढल्यावर आत भक्कम पत्रा निघतो. उलट, रंग थोडासाच फुगलाय म्हणून सोडून दिलेल्या जागी आरपार भोक असतं. म्हणून ठोकून बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकलं की चांगला पत्रा खणखणतो आणि सडलेला बद्द वाजतो. बद्द वाजला तिथे टोकाने दाबून पाहायचं. टोक आत गेलं तर ते वेल्डिंगचं काम आहे, रंगाचं नाही.

ही ठोकाठोक जॅक लावायच्या जागेपासून सुरू करा, कारण त्या जागा सडलेल्या असतील तर जॅक सरळ पत्र्यात घुसतो. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. सपाट, टणक जमिनीवर स्टँड लावायचे, गाडी हलवून बघायची, मगच खाली जायचं. डोळ्यांवर गॉगल आणि तोंडाला मास्क हवाच, कारण सगळी खपली तोंडावरच पडते.

आता पोकळ भागांकडे वळू. खरी लढाई तिथे आहे आणि बहुतेकांचं लक्ष तिथेच जात नाही. दारांखालचे सिल, चासीचे पोकळ बीम, सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी चौकट) हे सगळे आतून गंजत बाहेर येतात. बाहेरून तुम्ही कितीही थर द्या, आतल्या ओलीला त्याचा पत्ताही नसतो. सिलच्या तळाला पाण्याच्या निचऱ्यासाठी छोटी भोकं ठेवलेली असतात. जुन्या गाडीत ती चिखलाने किंवा आधी मारलेल्या अंडरकोटिंगने बुजलेली सापडतात. जाड तार घालून फिरवली की आधी काळा गाळ येतो आणि मागून गढूळ पाण्याची धार लागते. ते पाणी आत किती दिवस साचून होतं, कुणास ठाऊक! भोकं मोकळी करून आतला भाग नीट वाळू द्या, मग लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ भागांत मारायचं मेणासारखं संरक्षक द्रव्य, फवारा. हे वॅक्स बारीक सांध्यांत झिरपत जातं. शेवटी तीच भोकं वॅक्सने बुजली नाहीत ना, हे पाहून घ्या. माझ्या मते बजेट तोकडं असेल, तर बाहेरच्या काळ्या थरापेक्षा आतल्या वॅक्सवर खर्च करावा.

रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजावर लावायच्या रसायनाबद्दलही बराच गैरसमज आहे. त्यातलं टॅनिक किंवा फॉस्फोरिक ॲसिड गंजाचं स्थिर थरात रूपांतर करतं, पण ते पत्र्याला घट्ट धरून बसलेल्या पातळ गंजावरच. सुट्या पोपड्यांवर लावलं तर वरचा थर काळा पडतो आणि खालचं काम चालूच राहतं. म्हणून आधी वायर ब्रशने सुटं निघेल तेवढं सगळं काढा. कन्व्हर्टर लावला म्हणजे झालं, असंही नाही. त्यावर प्रायमर आणि रंग लागतोच. गाडी धुतल्या धुतल्या रंगाला हात घालू नका. दोन पत्र्यांच्या सांध्यातली ओल सगळ्यात शेवटी वाळते.

एवढं सगळं करूनही फ्लोअरच्या पत्र्यावर पुन्हा गंज फुटत असेल, तर गाडीखाली शोधू नका, कार्पेट उचला. दाराचं रबर गेलेलं असतं, एसीची पाण्याची नळी तुंबलेली असते किंवा हीटर गळत असतो. कार्पेटखालचा फोम पाणी धरून ठेवतो आणि पत्रा वरून खाली गंजत जातो.

सिलला, सस्पेन्शनच्या किंवा सीटबेल्टच्या माउंटिंगला भोक पडलं असेल तर पुटी किंवा फायबर भरून झाकू नका. अपघातात गाडीचा जोर याच जागा घेतात. सडलेला पत्रा कापून नवीन वेल्ड करायचा. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, जवळचं कार्पेट आणि पेट्रोलच्या नळ्या बाजूला घ्या. वॅक्स पेट घेतं, त्यामुळे ते वेल्डिंग झाल्यानंतरच.

फवारताना सायलेन्सर, ब्रेक डिस्क आणि सेन्सर झाकून ठेवा. खनिज तेल असलेला फवारा सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी बुशवर उडू देऊ नका, त्याने रबर फुगून मऊ पडतं.

ब्रेकच्या लोखंडी नळ्यांचा विषय वेगळाच. त्या घासून रंगवल्या की नव्यासारख्या दिसतात, पण त्यावर खड्डे पडले असतील तर भिंत तिथे पातळ झालेली असते आणि जोरात ब्रेक दाबला की नळी तिथेच फुटू शकते. प्लास्टिकच्या क्लिपखाली चिखल आणि ओल अडकते, म्हणून क्लिप उघडून तिथे आवर्जून बघा. खड्डे दिसले तर नळी बदला, आणि ती बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.