इफ लिहिण्याआधी अट एकटी चालवून बघा

ट्रू (खरं) आणि फॉल्स (खोटं) यांचा धडा प्रोग्रामिंगच्या बहुतेक क्लासमध्ये पाच मिनिटांत उरकतात. दोनच तर किमती, त्यात शिकवायचं काय? पण अडलेले प्रोग्राम घेऊन जी मुलं माझ्याकडे येतात, त्यांतली बरीचशी इथेच अडकलेली असतात. मी नवी मुंबईतल्या ऐरोलीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि सुट्टीच्या दिवशी कोपरखैरण्यात आमच्या सोसायटीतल्या मुलांना पायथनची सुरुवात करून देते. (कोडमधले शब्द इथे देवनागरीत लिहिलेत, मशीनवर कीवर्ड इंग्रजीतच टाका. ट्रू आणि फॉल्सचं पहिलं अक्षर कॅपिटल.)

बी.कॉम. करणारी एक मुलगी ट्रान्स-हार्बर लोकलवर छोटा प्रोग्राम लिहीत होती. ऐरोली किंवा रबाळे आलं की ‘उतरा’ असं छापायचं. तिची अट अशी:

स्टेशन == "ऐरोली" ऑर "रबाळे"

वाशी टाकलं तरी ‘उतरा’. तुर्भे टाकलं तरी ‘उतरा’. "ताई, पायथनच बिघडलंय!" मी म्हटलं, इफ काढून टाक आणि नुसती अट शेलमध्ये, म्हणजे एक ओळ टाकली की लगेच उत्तर दाखवणाऱ्या खिडकीत, चालव. स्टेशन वाशी असताना उत्तर आलं: 'रबाळे'. ट्रू नाही, फॉल्सही नाही, चक्क स्टेशनचं नाव!

इथे थोडं थांबायला हवं. आपण बोलताना ‘ऐरोली किंवा रबाळे आलं तर’ म्हणतो आणि ‘आलं’ दोघांनाही लागू होतं. पायथन मात्र आधी ‘स्टेशन == "ऐरोली"’ एवढंच तपासतो. ते फॉल्स निघालं की ऑरच्या उजवीकडे जे असेल ते जसंच्या तसं हातात देतो. तिथे आहे "रबाळे" ही स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांचा मजकूर. ती रिकामी नाही, म्हणून इफ तिला खरं मानतो. दोन्ही बाजूंना पूर्ण तुलना लिहा, नाहीतर ‘स्टेशन इन ("ऐरोली", "रबाळे")’ असं लिहा. मला दुसरं जास्त आवडतं, कारण घणसोली वाढवायचं झालं तर नुसतं नाव घालायचं.

हाच नियम इनपुटमध्येही छळतो. वापरणाऱ्याने टाइप केलेलं इनपुट नेहमी स्ट्रिंग म्हणूनच देतो. वापरणाऱ्याने फॉल्स असं टाइप केलं आणि तुम्ही त्यावर बूल (किंमत खरी की खोटी ते सांगणारं फंक्शन) लावलंत, तर उत्तर ट्रू. अक्षरं आहेत ना, मग खरं! "0" या स्ट्रिंगचंही तेच. 0 हा आकडा, रिकामी स्ट्रिंग, रिकामी लिस्ट आणि नन (म्हणजे ‘किंमतच नाही’) मात्र खोट्यात जमा. जावास्क्रिप्टमध्ये रिकामा ॲरे (तिथली लिस्ट) खरा धरतात, तेव्हा एका भाषेतली सवय दुसरीत नेताना जपून.

गंमत म्हणजे पायथनमध्ये ट्रूची किंमत 1 आणि फॉल्सची 0 आहे. कोणी मेंटेनन्स भरला याची ट्रू-फॉल्सची लिस्ट असेल, तर सम (बेरीज) लावला की भरलेल्यांची संख्या मिळते. लूपची गरज नाही.

अट उलटी करणाऱ्या नॉटबद्दल एकच. ‘वय 12 पेक्षा कमी किंवा 60 पेक्षा जास्त’ याच्या उलट काय, हे विचारलं की मुलं चिन्हं फिरवतात पण ऑर तसाच ठेवतात. मग कुठलंही वय घाला, ट्रूच. उलट करताना ऑरचा अँड होतो: 12 किंवा जास्त आणि 60 किंवा कमी. याला डी मॉर्गनचा नियम म्हणतात. ज्यांच्यावरून ट्रू-फॉल्सच्या किमतींना बूलियन हे नाव पडलं त्या जॉर्ज बूल यांचेच डी मॉर्गन समकालीन, आणि त्यांचा जन्म 1806 चा, आपल्याकडे मदुराईत. मुलाखतीत जन्मगाव कोणी विचारत नाही, नियम विचारतात.

आता मेंटेनन्सच्याच यादीतला एक प्रकार, कारण टेस्टिंगमध्येही तो वारंवार समोर येतो. प्रत्येक फ्लॅटची बाकी लिहिलीय आणि जिथे नोंदच झाली नाही तिथे नन आहे. कोणीतरी नुसतं ‘इफ बाकी’ लिहितो आणि ती अट खोटी ठरली तर ‘नोंद नाही’ छापतो. पूर्ण पैसे भरलेल्याची बाकी 0, म्हणून त्याच्याही नावापुढे ‘नोंद नाही’. तिथे ‘इफ बाकी इज नॉट नन’ असंच लिहावं लागतं. असा कोड तपासताना तीन फ्लॅट घ्या: एकाची बाकी 500, एकाची 0, एकाची नन. बहुतेक जण फक्त पहिला घेतात आणि प्रोग्राम चालला म्हणून सांगतात.