सीएमएस निवडताना या चुका टाळा

वेबसाइट करायची ठरली की पहिल्याच बैठकीत सीएमएसची, म्हणजे साइटवर मजकूर भरायच्या आणि सांभाळायच्या साधनाची, दोन-तीन नावं पुढे येतात. कुणी म्हणतं, वर्डप्रेस घ्या, सगळे तेच घेतात. कुणी विक्सवर तासाभरात उभी राहिलेली साइट दाखवतं. डेव्हलपर ड्रुपलचा आग्रह धरतो, कारण त्याचा हात त्यात बसलेला असतो. मग डेमो बघायचे आणि ज्याचं पहिलं पान सगळ्यात देखणं, त्याच्यावर शिक्का मारायचा.

अडलेल्या, बिघडलेल्या साइट सावरायचं काम मी गेली बारा वर्षं करते आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ त्या पहिल्या बैठकीत सापडतं. दोन प्रश्न तिथे कुणी विचारलेलेच नसतात. यात रोज मजकूर भरणार कोण? आणि उद्या तो दुसरीकडे न्यायची वेळ आली तर बाहेर निघणार कसा? खालच्या जवळपास सगळ्या चुका या दोन प्रश्नांशी येऊन थांबतात.

डेमोच्या रूपावर भाळणं

डेमोतले फोटो निवडक असतात, शीर्षकं दोन-तीन शब्दांची असतात आणि तीही रोमन लिपीत. तुमचा मजकूर तसा नसतो. त्यामुळे डेमो बघायला बसाल तेव्हा स्वतःची पाच खरी पानं सोबत ठेवा, त्यातलं सर्वांत लांब शीर्षक घ्या आणि ते त्यात टाकून बघा. रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या थीममध्ये, म्हणजे साइटच्या रूपाच्या तयार साच्यात, ओळींतलं अंतर कमी असतं. देवनागरी शीर्षक दुसऱ्या ओळीवर गेलं की वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतले रफार एकमेकांत घुसतात. हे थीममध्ये दुरुस्त करता येतं, पण ते आधी दिसायला हवं.

पानाचा पत्ता कसा तयार होतो हेही त्याच वेळी बघून घ्या. वर्डप्रेस पत्त्यातल्या शीर्षकावरून बनणाऱ्या भागासाठी २०० अक्षरांची जागा ठेवतं. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि पत्त्यात त्याची ९ अक्षरं होतात. म्हणजे सगळी मिळून जेमतेम २२ चिन्हं बसतात. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं त्यात वेगवेगळं मोजलं जातं. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त’ असं शीर्षक दिलंत तर पत्ता ‘सभेचे’पर्यंत येऊन संपतो, ‘इतिवृत्त’ गळून पडतं. पुढे ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे निमंत्रण’ टाकलंत की त्याला जवळपास तोच पत्ता मिळतो, फक्त शेवटी २ लागतो. दोन वर्षांनी कुठली लिंक कशाची, हे कुणालाच सांगता येत नाही. उपाय सोपा आहे. पत्ता आपोआप बनू देऊ नका, प्रत्येक पानाला हाताने छोटासा पत्ता द्या. पण ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी लागते.

सगळा मजकूर एकाच गठ्ठ्यात भरणं

या चुकीचा त्रास सगळ्यात उशिरा कळतो, म्हणून मी तिच्याबद्दल जरा जास्त बोलते.

व्याख्यानं भरवणाऱ्या एका संस्थेची साइट माझ्याकडे आली. तीनशेच्या वर व्याख्यानं नोंदवलेली होती, प्रत्येकाचं एक पान. दिसायला साइट नीटनेटकी होती. त्यांची मागणीही साधी होती: पुढची व्याख्यानं पहिल्या पानावर आपोआप दिसावीत आणि वक्त्याच्या नावावर क्लिक केलं की त्यांची जुनी सगळी व्याख्यानं यावीत. पानं उघडून बघितली तर तारीख मजकुराच्या मध्येच टाइप केलेली. कुठे ‘१२ मार्च’, कुठे ‘१२/३’, कुठे ‘मार्चचा दुसरा शनिवार’. वक्त्यांची नावंही तीन-तीन तऱ्हांनी लिहिलेली. वाचणाऱ्या माणसाला ती तारीख आहे हे कळतं. सीएमएसच्या लेखी तो नुसता मजकूर असतो, त्यावरून क्रम लावता येत नाही. दोघींनी तीन आठवडे बसून एकेक पान उघडलं आणि तारीख, वक्ता, विषय वेगवेगळ्या रकान्यांत भरले.

सीएमएसचं नाव घेण्याआधी एक कागद घ्या. आपल्याकडे मजकुराचे प्रकार कोणते आहेत ते लिहा: बातमी, कार्यक्रम, व्यक्ती, पुस्तक, जे काही असेल ते. प्रत्येक प्रकाराखाली त्याचे रकाने लिहा. कार्यक्रमाला तारीख, वेळ, ठिकाण, वक्ता. पुस्तकाला लेखक, वर्ष, पानं. मग कुठला प्रकार कशाला जोडलेला आहे त्याच्या रेघा ओढा. हा कागद हातात असला की निवड बरीचशी आपोआप होते. प्रकार एक-दोन आणि रकाने मोजके असतील तर जवळपास कुठलंही सीएमएस चालेल. प्रकार आठ-दहा आणि ते एकमेकांत गुंतलेले असतील तर ड्रुपलसारखं साधन शिकायला जड असलं तरी ते कष्ट वसूल होतात, कारण मजकुराचे प्रकार आणि रकाने हा त्याचा गाभाच आहे. वर्डप्रेसमध्ये २०१० च्या ३.० आवृत्तीपासून स्वतःचे प्रकार करायची सोय चांगली रुळली आहे. मात्र रकान्यांसाठी लोक सहसा वेगळं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं छोटं साधन, लावतात. जूमला या आणखी एका सीएमएसने स्वतःचे रकाने २०१७ मध्ये ३.७ आवृत्तीत आणले.

पेज बिल्डरचा प्रश्नही याच जातीचा आहे. ओढून-टाकून पान रचायची ही साधनं सोयीची असतात, पण त्यातली काही तुमचा मजकूर स्वतःच्या खुणांमध्ये गुंडाळून ठेवतात. ते प्लगइन बंद केलं की पानभर चौकोनी कंस दिसतात आणि त्यांच्या अधूनमधून तुमची वाक्यं सापडतात. कोऱ्या चाचणी साइटवर एक पान रचून बघा, मग बिल्डर बंद करून तेच पान उघडा. जे उरतं ते तुमचं. दहा मिनिटांचं काम आहे, आणि मी ते कुठल्याही बिल्डरच्या बाबतीत चुकवत नाही.

बाहेर पडायची वाट न बघणं

सेवा बंद पडतात. जिओसिटीजवर असंख्य लोकांनी पानं केली होती. याहूने ती सेवा २००९ मध्ये जगातल्या बहुतेक भागांत बंद केली. ॲडोबीचं बिझनेस कॅटलिस्ट व्यवसायांसाठीच होतं, तेही २०२१ मध्ये बंद झालं. सेवा चालू असली तरी तुमची गरज बदलू शकते. विक्सवर बनवलेली साइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या सर्व्हरवर ठेवता येत नाही, ती त्यांच्याच सर्व्हरवर चालते. म्हणून विक्स वाईट ठरत नाही. चार पानांच्या साइटसाठी मी ते खुशाल सुचवते, कारण चार पानं पुन्हा टाइप करता येतात. चार हजार पानांचा मजकूर मात्र मी अशा ठिकाणी ठेवणार नाही.

‘एक्स्पोर्ट’ असं बटण दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. वर्डप्रेसच्या एक्स्पोर्ट फाइलमध्ये लेख, पानं, प्रतिक्रिया असतात, पण फोटो नसतात. फोटोंचे फक्त पत्ते असतात. नवी साइट ती फाइल वाचताना जुन्या सर्व्हरवरून फोटो ओढून आणते. माझ्या ओळखीच्या एकांनी फाइल जपून ठेवली आणि पैसे वाचावेत म्हणून जुनं होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवरची भाड्याची जागा, आधीच बंद केलं. नव्या साइटवर मजकूर अगदी नीट आला आणि फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी. पुढचे कित्येक दिवस त्यांनी लोकांच्या फोनमधून, मेलमधून फोटो गोळा केले. काही मिळालेच नाहीत.

निवड पक्की करण्याआधी रंगीत तालीम करा. निवडलेल्या सीएमएसमध्ये दहा लेख, पाच फोटो आणि एक पीडीएफ टाका. ते सगळं एक्स्पोर्ट करा आणि दुसऱ्या कोऱ्या साइटवर आणा. काय आलं, काय राहिलं ते लिहून ठेवा. डोमेन, म्हणजे साइटचा मुख्य पत्ता, कुणाच्या नावावर आहे तेही तपासा. ते तुमच्या किंवा संस्थेच्या नावावर हवं, बनवून देणाऱ्याच्या नव्हे.

जो वापरणार त्यालाच न विचारणं

सीएमएस निवडतो डेव्हलपर, त्यात दिवसभर बसतं दुसरंच कुणी. त्या व्यक्तीला चाचणी साइटवर बसवा आणि एक काम द्या: फोनवरून एक फोटो आणि चार ओळींची सूचना टाका, मग तिच्यातली एक चूक दुरुस्त करा. शेजारी बसा, पण बोलू नका. कुठे बोट अडतं, कुठलं बटण दाबायला भीती वाटते, ते बघा. फोटो उभा असताना आडवा का कापला गेला, असं त्यांनी विचारलं तर तो प्रश्न टिपून घ्या. वर्डप्रेसच्या ५.० आवृत्तीत डिसेंबर २०१८ मध्ये ठोकळ्यांचा नवा एडिटर आला, तेव्हा वर्षानुवर्षं सराईतपणे लिहिणारी माणसंही गांगरलेली मी बघितली आहेत. ती माणसं हुशारच होती, फक्त हाताला वेगळी सवय होती.

सगळ्यांना ॲडमिनचे अधिकार देऊ नका. लिहिणाऱ्याला लिहिण्यापुरते द्या.

अपडेट कोण करणार, हे न ठरवणं

१५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७ मधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली आणि त्याच वेळी दुरुस्तीही दिली गेली. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा गटाने सांगितलं, की घोषणेनंतर ७ तासांच्या आत जी साइट अपडेट झाली नाही, तिच्यात घुसखोरी झाली आहे असंच समजा. सात तास! म्हणून ‘अपडेट कोण करणार’ याचं उत्तर माणसाच्या नावानिशी हवं. ‘आम्ही बघू’ हे उत्तर धरू नका.

मोठी आवृत्ती बदलताना काय होतं, तेही आधीच विचारा. २०११ मध्ये आलेल्या ड्रुपल ७ ला अधिकृत दुरुस्त्या मिळणं अखेर ५ जानेवारी २०२५ ला थांबलं. त्यातून ८ वर जाणं हे साधं अपडेट नव्हतं, साइट जवळजवळ नव्याने बांधावी लागत होती. त्यामुळे अनेकजण शेवटपर्यंत ७ वरच थांबले.

अपडेट करायला खरंच कुणी नसेल तर सर्व्हर स्वतः सांभाळणारी सेवा घ्या. किंवा पानं आधीच तयार करून ठेवणारी ह्यूगो, जेकिलसारखी साधनं बघा. त्यांच्यात सर्व्हरवर डेटाबेस नसतो, लॉगिनचं पान नसतं, त्यामुळे फोडण्यासारखं फारसं काही उरत नाही. पण लिहिणाऱ्याला साध्या मजकुराच्या फाइली हाताळता यायला हव्यात.

चूक आधीच झाली असेल तर

घाईने काही पुसू नका. आधी फाइली आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप घ्या, मग हात लावा.

वर्डप्रेसची साइट अचानक पांढरी फटक झाली तर बहुधा शेवटचं अपडेट झालेलं प्लगइन नडलेलं असतं. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून अशा वेळी ॲडमिनच्या मेलवर दुरुस्तीची लिंक येते, ती आधी शोधा. ती नसेल तर सर्व्हरवर प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला. सगळी प्लगइन बंद पडतात आणि आत शिरता येतं. मग नाव पूर्ववत करून एकेक प्लगइन चालू करत जा.

पहिलं पान उघडतं, पण आतली सगळी ‘सापडलं नाही’ म्हणतात? पर्मालिंकच्या, म्हणजे पानांच्या पत्त्यांच्या, सेटिंगमध्ये जाऊन काहीही न बदलता सेव्ह करा. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. नवी साइट गूगलवर येतच नसेल तर सर्च इंजिनांना मज्जाव करणारी खूण बांधकामाच्या काळात केलेली तशीच राहिली आहे का, ते बघा.

देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर डेटाबेसमध्ये काय आहे ते उघडून बघा. तिथेही प्रश्नचिन्हंच असतील तर मूळ अक्षरं गेली, बॅकअपशिवाय ती परत येत नाहीत. प्रश्नचिन्हांऐवजी रोमन अक्षरांची चमत्कारिक माळ दिसत असेल तर जीव भांड्यात पडू द्या. अक्षरं बहुतेक शाबूत असतात, फक्त चुकीच्या एन्कोडिंगने, म्हणजे अक्षरं साठवायच्या चुकीच्या पद्धतीने, वाचली जात असतात.

डोमेन बदलल्यावर डेटाबेसमध्ये जुना पत्ता शोधून नवा टाकण्याचं काम साध्या ‘शोधा आणि बदला’वर सोपवू नका. वर्डप्रेसच्या काही सेटिंगमध्ये मजकुराशेजारी त्याची लांबीही नोंदलेली असते. पत्त्याची लांबी बदलली आणि ती नोंद तशीच राहिली की ती सेटिंग वाचता येत नाही. विजेट गायब होतात, थीमची रचना मोडते. या कामासाठी लांबीची नोंदही बदलणारं वेगळं साधन असतं, तेच वापरा.

सीएमएस बदलायचंच ठरलं तर जुन्या सगळ्या पत्त्यांची यादी आधी काढा आणि प्रत्येकाला नव्या पानाकडे कायमचं वळवा, म्हणजे ३०१ लावा. जुनं होस्टिंग त्यानंतर निदान दोन-तीन महिने चालू ठेवा. नवी साइट रोज थोडी थोडी उघडून बघा, विशेषतः सगळ्यात जुने लेख. एखाद्या फोटोवर उजवं क्लिक करून त्याचा पत्ता तपासा. तो अजून जुन्या सर्व्हरचाच निघाला तर स्थलांतर पुरं झालेलं नाही.