पेंटबॉल मार्करच्या रेग्युलेटरला ग्रीस लावताना या चुका टाळा

मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारणारी हवेची बंदूक, अडला की पहिला हात तेलाकडे जातो. सोलापुरात जरा जास्तच, कारण घरी नाहीतर शेजारी माग असतो आणि जॉबरची (माग दुरुस्त करणाऱ्याची) तेलाची बुधली हाताशीच असते. ते तेल मागाला चांगलं, रेग्युलेटरला घालू नका. गंज सोडवायचा स्प्रेही नको. तो आधीचं ग्रीस धुऊन काढतो आणि काही ओ-रिंगा, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्या, फुगवतो.

टाकीत हवा ३००० किंवा ४५०० पीएसआय दाबाने भरलेली असते. टाकीचा स्वतःचा रेग्युलेटर तो दाब बहुधा ८०० च्या आसपास आणतो, मार्करचा रेग्युलेटर त्याहून खाली. हे काम स्प्रिंग, पिस्टन आणि प्लॅस्टिकची एक छोटीशी सीट मिळून करतात. दाब भरला की पिस्टन सीटवर टेकतो आणि हवा बंद होते. म्हणून सीट कोरडी आणि स्वच्छच हवी. पण लोक अख्खा पिस्टन ग्रीसमध्ये माखून बसवतात.

मीही तेच केलं होतं. थोडं थांबून मारलेला पहिला शॉट क्रोनोवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) ३१०, लगेचचे पुढचे २७५ फूट प्रतिसेकंद. खेळात वरची मर्यादा साधारण ३०० ची, म्हणजे तो मार्कर कुणावर रोखणंच चूक. दोनदा ग्रीस बदललं, ओ-रिंगही बदलली. शेवटी मोबाइलच्या टॉर्चखाली सीट धरली तेव्हा दिसला ग्रीसला चिकटलेला सुताचा एक तंतू, पापणीच्या केसाहून बारीक. पुसायला मी टेरी टॉवेलचा तुकडा घेतला होता, त्याचीच ती लव. सीट पूर्ण बसत नव्हती, हवा झिरपत होती, दाब चढत होता. याला क्रीप म्हणतात. तेव्हापासून मी चष्मा पुसायचं कापडच वापरतो. सीटवर पिस्टनच्या कडेचा खोल वळ उमटला असेल तर मात्र पुसून भागत नाही, सीट बदलावी लागते.

ग्रीस कंपनीने सांगितलेलंच घ्या. करंगळीच्या टोकावर किंचित घेऊन ओ-रिंग बोटांत फिरवा. रिंग ओली चमकली पाहिजे, पण ग्रीसचा थर दिसता कामा नये. फिरवताना नखाला खाच लागली तर ती रिंग टाकून द्या. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ जास्तीच्या ग्रीसमध्ये बसते आणि रिंगेला कानशीसारखी घासते.

बऱ्याच रेग्युलेटरांच्या अंगावर बारीक भोक असतं. तिथून हवा येते म्हणून कुणी एम-सील लावतं. तसं करू नका! ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून हवा आली तर बहुतेक वेळा पिस्टनची ओ-रिंग गेलेली असते.

स्प्रिंगच्या जागी बशीसारखे वाकडे वॉशर एकावर एक रचलेले असतील तर उघडताना फोटो काढा. एक जरी उलटा बसला तरी दाब बदलतो.

टाकीच्या फिल निपलला, म्हणजे हवा भरायच्या तोंडाला, तेलाचा थेंबही नको. भरताना हवा झपाट्याने दाबली जाऊन तापते आणि तेल पेट घेऊ शकतं. रेग्युलेटर खोलण्याआधी गॉगल घाला, टाकी काढा आणि मार्कर सुरक्षित दिशेला धरून आतली हवा संपेपर्यंत ट्रिगर दाबा.

जोडून झाल्यावर दाब कमी करायचा असेल तर स्क्रू थोडा फिरवून दोन-तीन शॉट मारा, मगच क्रोनोचा आकडा बघा. आत अडकलेली जुनी हवा निघून गेल्याशिवाय आकडा खरा येत नाही.