नवीन पीसी जोडला आणि हार्ड डिस्क दिसेना? या चुका टाळा

"दादा, डिस्क डेडच आलीय की!" खानापूरचं पोरगं असो नाहीतर निपाणीचं, नवीन जोडलेलं कॅबिनेट माझ्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या टेबलावर ठेवता ठेवता पहिलं वाक्य हेच. मी काही बोलत नाही, साइड पॅनल काढतो. बहुतेक वेळा सॅटाची (डिस्क बोर्डाला जोडायची नेहमीची पद्धत) डेटा केबल लावलेली असते आणि पॉवरची लोंबत असते. नाहीतर दोन्ही लावलेल्या, पण एक अर्धवट बसलेली. आत ढकलायची, बायोस (विंडोजच्या आधी उघडणारं बोर्डाचं सेटिंग) उघडायचं, डिस्क हजर.

बायोसमध्ये दिसते पण 'धिस पीसी'त नाही? मग ती कोरी आहे, एवढंच. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, इनिशियलाइज करा, म्हणजे डिस्क वापरासाठी तयार करा, आणि डिस्कच्या मांडणीसाठी जीपीटी निवडा. एमबीआर ही जुनी मांडणी निवडलीत तर ४ टीबीच्या डिस्कमधले २ टीबीच हाती लागतील. मात्र डेटा असलेली जुनी डिस्क लावल्यावर विंडोज इनिशियलाइज करू का विचारत असेल, तर ओके दाबू नका. तिथंच थांबा.

आता ज्या चुकीनं माझं डोकं फिरतं ती. जुनी डिस्क लावलेली ठेवून नव्या एसएसडीवर विंडोज टाकायचं.

शहापुरातले एक फोटोग्राफर, ऐन लगीनसराईत नवीन पीसी घरीच जोडला. जुनी हार्ड डिस्क १ टीबी, नवी एसएसडीही १ टीबी. इन्स्टॉलरमध्ये दोन ओळी, दोन्हींपुढं ९३१ जीबी. (१ टीबीचे ९३१ का, हे दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं. कोणी काही खाल्लेलं नाही.) यांनी अंदाजानं एक ओळ धरली, पार्टिशनं (डिस्कचे पाडलेले भाग) उडवली, विंडोज टाकलं. डेस्कटॉप आल्यावर कळलं की विंडोज लग्नांच्या फोटोंवर बसलंय. तेव्हा तरी पीसी बंद करावा? नाही. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर उतरवलं, तेही त्याच डिस्कवर! माझ्याकडं आले तेव्हा मी आधी डिस्कची नक्कल काढली आणि त्या नकलेवरून जेवढे निघाले तेवढे फोटो काढले. फोल्डर गेलेले, नावं गेलेली. प्रत्येक फाइलला एक एफ आणि पुढं आकडे. नंतर किती दिवस ते माझ्या दुकानात स्टुलावर बसून मांडवाच्या रंगावरून नवऱ्या वेगळ्या करत होते.

म्हणून माझी सवय अशी की विंडोज टाकताना पेटीत एकच डिस्क. बाकीच्यांची केबल हातानं उपसून काढायची. "बायोसमधून बंद केलीय" यावर माझा विश्वास नाही. दुसरा फायदा असा की बूटच्या फाइली जुन्या डिस्कवर जाऊन बसत नाहीत. नाहीतर महिन्याभरानं ती डिस्क काढली की नवा पीसी सुरूच होत नाही आणि पुन्हा "दादा, एसएसडी गेली."

पुढची चूक मी स्वतः केलीय. मॉड्युलर (केबली सुट्या निघणारा) पॉवर सप्लाय बदलला आणि जुन्याची सॅटा केबल तशीच ठेवली. नव्यात ती चपखल बसली म्हणून. डिस्ककडचं टोक सगळीकडं सारखं असतं, सप्लायकडच्या टोकाला मात्र नेम नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक निघतो. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले. बटण दाबलं, जळका वास आला, दोन डिस्क गेल्या. त्यातली एक गिऱ्हाइकाची. भरून दिली, काय करणार. तेव्हापासून प्रत्येक सप्लायच्या केबली वेगळ्या पिशवीत, टेप लावून, वर मार्करनं नाव.

एम डॉट टू (बोर्डावरच बसणारी पट्टीसारखी एसएसडी) बसवल्यावर एखादी सॅटा डिस्क गायब झाली, तर पोर्ट बदलून बघा. बऱ्याच बोर्डांत एम डॉट टूचा स्लॉट भरला की एक-दोन सॅटा पोर्ट बंद पडतात. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ते घरी खोक्यात असतं. काही स्लॉट फक्त एनव्हीएमई (सॅटाहून वेगळ्या, वेगवान जातीची एसएसडी) घेतात, तिथं सॅटावाली एम डॉट टू दिसणारच नाही.

इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढं इन्स्टॉलरला एकही ड्राइव्ह दिसेना, तर बायोसमध्ये व्हीएमडी (इंटेलची ड्राइव्ह सांभाळायची सोय) चालू आहे का बघा. रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणं) करायचं नसेल तर इन्स्टॉलच्या आधी बंद करा, नाहीतर इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्या. विंडोज टाकून झाल्यावर तिथं हात लावलात तर निळा पडदा.

हार्ड डिस्क टक्-टक् वाजत असेल तर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवत बसू नका. लगेच बंद करा.

आणि पावसाळ्यात खानापूरकडं करंट ये-जा करत असेल, घरात यूपीएस नसेल, तर पार्टिशनचं काम त्या दिवशी काढूच नका. "दहा मिनिटांचं काम आहे दादा" म्हणणारी पोरंच दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधी दारात उभी असतात.