गडावर आग्या मोहोळ दिसले तर

पावसाळा सरून रानात फुलोरा येऊ लागला की आग्या माश्या सह्याद्रीतील कड्यांच्या पुढे आलेल्या कातळाखाली, लेण्यांच्या माथ्यावर आणि उंच झाडांच्या फांद्यांना पोळी बांधतात, आणि गडावर जाणाऱ्या वाटा बहुधा याच कड्यांना बिलगून जातात. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत राहते. आग्या माशी मात्र एकच मोठे पोळे उघड्यावर लटकवते, ते कित्येकदा मीटरभर रुंद असते आणि त्यावर माश्यांचा काळपट थर पडद्यासारखा पसरलेला असतो. अजिंठ्याच्या कड्यावर अशी पोळी सहज पाहायला मिळतात. पोळे दुरून दिसते, हीच आपली सर्वांत मोठी सोय आहे. म्हणून कड्याखालून जाण्यापूर्वी थांबून वर नीट पाहावे, गडाखालच्या गावात चौकशी करावी, आणि पोळे वाटेवरच असेल तर दुसरी वाट धरावी किंवा बेत सोडून द्यावा.

पोळ्याजवळून जाणे भागच असेल तर अत्तर किंवा उग्र वासाचे तेल लावलेले नसावे, अंगभर फिकट रंगाचे कपडे असावेत आणि सर्वांनी न थांबता, शांतपणे पुढे जावे. पोळ्याखालच्या गुहेत चूल पेटवणे ही मला सर्वांत घातक चूक वाटते, कारण धूर सरळ वर जातो आणि मोहोळ उठते. दगड मारणे किंवा पोळ्याजवळ ड्रोन उडवणेही तितकेच वाईट. रात्री बॅटरीचा झोत पोळ्यावर टाकू नये. या माश्या चांदण्यातही उडतात आणि उजेडाकडे येतात. पोळ्यावर लाटेसारखी थरथर उमटताना दिसली तर तो माश्यांचा इशारा समजावा आणि मागे फिरावे. कधी माणसाची काहीच चूक नसते: मधुबाज पक्षी पोळ्यावर झडप घालतो आणि चिडलेल्या माश्या खालच्या माणसांवर तुटून पडतात.

मोहोळ उठलेच तर हात झटकत उभे राहू नये आणि माश्या चिरडू नयेत. डंखाबरोबर पिकलेल्या केळ्यासारखा वास असलेला एक द्रव बाहेर पडतो, तो इतर माश्यांना त्याच जागी बोलावतो, त्यामुळे एका डंखामागून दहा येतात. तोंड, नाक आणि डोके कापडाने झाकावे, डोळ्यांपुरती फट ठेवावी आणि पोळ्यापासून दूर, ओळखीच्या वाटेने पळत सुटावे. माश्या काही शे मीटरपर्यंत पाठलाग करतात, म्हणून लवकर थांबू नये. अरुंद धारेवर मात्र पाऊल सांभाळूनच टाकावे, कारण तेथे दरी माश्यांपेक्षा अधिक घातक ठरते. पळणे शक्यच नसेल तर चादरीत किंवा तंबूच्या कापडात स्वतःला पूर्ण गुंडाळून जमिनीवर पालथे पडून राहावे. टाक्यात उडी घेऊ नये; माश्या वर घिरट्या घालत राहतात आणि माणूस बुडू शकतो.

सुरक्षित जागी पोहोचताच नांग्या काढाव्यात. आग्या माशीची नांगी विषाच्या पिशवीसह कातडीत अडकते आणि माशी गेल्यावरही विष सोडत राहते, म्हणून ती नखाने, कार्डाने, जशी निघेल तशी ताबडतोब काढावी. पद्धतीपेक्षा वेळ महत्त्वाचा. (गांधीलमाशीची नांगी सहसा अडकत नाही, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते.) अंगठ्या आणि बांगड्या सूज चढण्याआधी उतरवाव्यात, जागा साबणाने धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवावी, माती किंवा चुना चोळू नये.

अंगभर गांधी उठणे, ओठ किंवा जीभ सुजणे, श्वास लागणे, उलटी होणे, चक्कर येणे यांपैकी काहीही दिसले तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णाला त्वरित दवाखान्यात न्यावे. गरगरत असेल तर त्याला आडवे झोपवून पाय उंच करावेत, श्वास लागत असेल तर बसू द्यावे, पण चालवू नये. पूर्वी अशी ॲलर्जी झालेल्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन जवळ ठेवावे. ॲलर्जीची साधी गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. पुष्कळ डंख झालेल्या माणसाला त्या वेळी बरे वाटत असले तरी त्याला रुग्णालयात न्यावेच, कारण विषाने स्नायूंना आणि मूत्रपिंडांना होणारी इजा काही तासांनी, कधी एकदोन दिवसांनीही, उघड होते. लघवी लालसर किंवा काळसर झाली, कमी झाली, तर ते डॉक्टरांना लगेच सांगावे.