एल-वनवर हात बसवा, मग पुढे जा

एमएस्सीला फंक्शनल ॲनालिसिस झालं की नॉर्म्ड स्पेसवरच्या (जिथे प्रत्येक बिंदूला नॉर्म, म्हणजे लांबी असते) स्मूद फंक्शन्सची प्रकरणं वाचायला सोपी वाटतात. व्याख्या ओळखीच्या, चेन रूलही तोच. नवीन मुलं भराभर पानं उलटतात आणि पहिल्याच सेमिनारमध्ये अडकतात. मी त्यांना आधी एकच गणित देतो.

एल-वन घ्या: ज्यांच्या पदांच्या निरपेक्ष किमतींची बेरीज सान्त असते अशा सीक्वेन्सची स्पेस; ती बेरीज हीच नॉर्म. त्यात १/२, १/४, १/८ अशी सीक्वेन्स हा आपला बिंदू. इथे नॉर्मला गातो डेरिव्हेटिव्ह (एकेक दिशा वेगळी धरून काढलेला) आहे, कारण एकही पद शून्य नाही. सगळी पदं धन, म्हणून तो दिशेच्या पदांची नुसती बेरीज. आता फक्त एनव्या पदाचं चिन्ह उलटं करा. नॉर्म तसूभरही बदलत नाही, पण डेरिव्हेटिव्ह सांगतो की ती त्या पदाच्या दुपटीनं घटायला हवी. आपण सरकलोही नेमके तेवढेच. म्हणजे एन कितीही मोठा घ्या, चूक भागिले सरकण्याचं अंतर १ च येतं, शून्याकडे जातच नाही. फ्रेशे डेरिव्हेटिव्हला मात्र हे गुणोत्तर सगळ्या दिशांना एकदमच शून्याकडे जावं लागतं. म्हणून इथे फ्रेशे डेरिव्हेटिव्ह नाही! खरं तर एल-वनची नॉर्म कुठल्याच बिंदूवर फ्रेशे डिफरन्शिएबल नसते. हे वहीत स्वतः करा, दोन्ही व्याख्यांमधला फरक पुन्हा विचारावा लागणार नाही.

मग स्पेस बदलून पाहा. एल-टूमध्ये (इथे पदांच्या वर्गांची बेरीज सान्त; एल-थ्रीत घनांची) नॉर्मचा वर्ग स्मूद, त्यामुळे स्मूद बंप फंक्शन (मर्यादित भागाबाहेर शून्य, पण सगळीकडे शून्य नाही असं) लगेच मिळतं. एल-थ्रीत दोनदा कंटिन्युअसली डिफरन्शिएबल बंप मिळतं, तीनदा नाही. एल-वनमध्ये एकदाही नाही. बॉनिक आणि फ्रॅम्प्टन यांचं १९६६चं काम याच वाटेवरचं आहे.

कॉम्पॅक्टनेसवरचा भरवसा (बंद, मर्यादित संचावर कंटिन्युअस फंक्शन बाउंडेड राहतं, हा) मात्र सोडा. एल-टूवर एनव्या पदाची दुप्पट, तिचा एनवा घात, आणि सगळ्यांची बेरीज: फंक्शन ॲनालिटिक (पॉवर सीरिजनं मांडता येणारं) आहे, तरी बंद युनिट बॉलवर अनबाउंडेड. का, ते स्टँडर्ड बेसिसवर (एक पद १, बाकी शून्य अशा सीक्वेन्सवर) मूल्यं काढली की कळेल.

पीएचडीचा विषय निवडताना बानाख स्पेसची (कम्प्लीट नॉर्म्ड स्पेसची) भूमिती नको, पीडीई (आंशिक डिफरन्शियल समीकरणं) हवं, असं म्हणाल तरी सुटका नाही. [०,१] वरच्या एल-टूमधून (इथे सीक्वेन्स नाही, वर्गाचं इंटिग्रल सान्त असलेली फंक्शन्स) एल-टूमध्ये जाणारं ‘यू’चं ‘साइन यू’ गातो डिफरन्शिएबल आहे, फ्रेशे नाही. सुरुवातीची स्पेस एल-फोर (चौथ्या घाताचं इंटिग्रल सान्त) घेतली की तेच फ्रेशे डिफरन्शिएबल होतं. पेपर वाचताना फंक्शनच्या सूत्राआधी ते कुठून कुठे जातं, ते बघत जा.