पडून राहिलेली ऑटोमॅटिक फोर बाय फोर परत चालू करताय? मग या चुका टाळा

पुण्यात कोथरूड, सहकारनगर, औंध, कुठल्याही जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक तरी अशी गाडी असतेच. जुनी एन्डेव्हर, फॉर्च्युनर नाहीतर रेक्स्टन, कव्हर फाटलेलं, टायर बसलेले, मालक बाहेरगावी. मग एक दिवस घरातलं कुणीतरी मनावर घेतं की हिला परत चालू करायची, बॅटरी टाकून सुरू केली जाते, लिव्हर डी (ड्राइव्ह) मध्ये टाकला तर गाडी उचलतच नाही, किंवा उचलते पण एकाच गिअरमध्ये रडत चालते, आणि पहिलाच गॅरेजवाला सांगतो, "साहेब, बॉक्स गेला," म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. माझं म्हणणं एवढंच आहे की तिथे लगेच हो म्हणू नका. बॉक्स खाली उतरवणं ही सगळ्यात शेवटची पायरी आहे, आणि त्याच्या आधी तपासायच्या बऱ्याच गोष्टी तुलनेने स्वस्तातल्या असतात.

पहिली चूक तर पार्किंगमध्येच होते, वॉचमन आणि चार पोरं बोलावून धक्का मारायचा. मॅन्युअल गाडी अशी चालू होते, ऑटोमॅटिक होत नाही, कारण तिच्या बॉक्सचा ऑइल पंप इंजिनवर फिरतो, इंजिन बंद म्हणजे प्रेशर नाही, प्रेशर नाही म्हणजे आतले क्लच धरत नाहीत, चाकं कितीही फिरवा इंजिनपर्यंत काही पोचत नाही. याच कारणाने दोरी बांधून टोचन करून गॅरेजला नेणं त्याहून वाईट, बॉक्सच्या आतले भाग फिरत राहतात आणि त्यांना ऑइल मिळत नाही. फ्लॅटबेड बोलवा, चारही चाकं वर. पैसे जातात पण ते वसूल आहेत.

दुसरी, अर्धमेल्या बॅटरीवर निदान करणं. बॉक्सचा कॉम्प्युटर व्होल्टेजला फार संवेदनशील असतो, व्होल्टेज पडलं की तो बिघाडाचे खोटे कोड टाकतो आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे बॉक्स वाचवायला एकाच गिअरमध्ये, बहुतेक गाड्यांत दुसऱ्या किंवा तिसऱ्यात, अडकवून ठेवते. गाडी बंद असताना बॅटरीला १२.६ च्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. ते झालं की अर्थिंगच्या पट्ट्या साफ करा आणि वायरिंग बघा, उंदीर, घुशी! बॉक्सकडे जाणारी एक वायर कुरतडलेली असली तरी लक्षणं हुबेहूब बॉक्स गेल्यासारखी दिसतात. मग जुने कोड लिहून ठेवून पुसा, गाडी चालवा, आणि परत जे येतील तेच खरे धरा. स्वस्तातले स्कॅनर बऱ्याचदा फक्त इंजिनचे कोड वाचतात, पी०७०० दिसला तर त्याचा अर्थ इतकाच की खरी तक्रार बॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये आहे, तो वाचणारा स्कॅनर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा.

लिव्हर पी (पार्किंग) मधून निघतच नाही म्हणून घाबरणारे पण खूप आहेत. आधी ब्रेक दाबून मागचे ब्रेक लाइट लागतात का ते कुणाला तरी बघायला सांगा, नसतील लागत तर फ्यूज किंवा ब्रेक स्विच, कारण ब्रेकचा सिग्नल मिळाल्याशिवाय लिव्हर सुटत नाही. आणि पी मध्ये स्टार्टर फिरत नाही पण एन (न्यूट्रल) मध्ये फिरतो, असं असेल तर लिव्हरच्या केबलचं सेटिंग नाहीतर लिव्हर कुठे आहे ते कॉम्प्युटरला सांगणारा बॉक्सवरचा पोझिशन स्विच, त्याला गंज चढतो.

आता ऑइल, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात. थंड गाडीत डिपस्टिक काढून "लेव्हल बरोबर आहे" म्हणू नका. बहुतेक गाड्यांत गाडी गरम, सपाट जागा, इंजिन आयडलवर, लिव्हर सगळ्या गिअरमधून हळू फिरवून पी मध्ये, आणि मग लेव्हल (होंडात इंजिन बंद करून बघतात, म्हणून मॅन्युअल वाचा). काही गाड्यांत डिपस्टिकच नसते, खाली प्लग असतो आणि ऑइल ठराविक तापमानाला असताना तपासावं लागतं, ते रॅम्पवरच करा. दोन थेंब पांढऱ्या फडक्यावर टाका आणि उजेडात धरा. बहुतेक ऑइल मुळात लाल असतं. लाल किंवा थोडं तपकिरी असेल तर आशा आहे. काळपट आणि जळका वास म्हणजे क्लच घासलेत. पण गुलाबी दुधासारखं दिसलं तर तिथेच इंजिन बंद, कारण बॉक्सचं ऑइल अनेक गाड्यांत रेडिएटरच्या आतल्या कूलरमधून जातं, वर्षानुवर्षं जुनं कूलंट किंवा नुसतं नळाचं पाणी असेल तर तो कूलर आतून गंजतो आणि दोन्ही एकत्र होतात, क्लचच्या अस्तराला ते अजिबात चालत नाही. पुण्यात आणखी एक गोष्ट, सिंहगड रोडला जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी शिरलं तशा पाण्यात गाडी उभी राहिलेली असेल तर बॉक्सच्या ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या नळीतून) पाणी आत गेलेलं असू शकतं, जुनी गाडी विकत घेताना हे आवर्जून विचारा.

ऑइल बदलताना नाना पेठेत, म्हणजे स्पेअर पार्टच्या बाजारात, जे लाल दिसेल ते उचलू नका. टोयोटाच्या डब्ल्यूएस ऐवजी टी-फोर किंवा मित्सुबिशीच्या एसपी-थ्री ऐवजी कुठलंही डेक्सरॉन, हे चालत नाही, ही सगळी वेगवेगळ्या ग्रेडची ऑइल आहेत. मशीन लावून फ्लश करायला मी तरी जुन्या, दुर्लक्षित बॉक्सला कधीच सांगणार नाही, साचलेली घाण सुटून व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइल कुठे जायचं ते ठरवणाऱ्या बारीक वाटांच्या भागात) अडकू शकते. पॅन (बॉक्सच्या तळाची ऑइलची परात) उघडा, फिल्टर बदला, नवीन ऑइल भरा, थोडं चालवा, परत काढा, परत भरा. एका वेळी साधारण अर्धंच किंवा त्याहूनही कमी ऑइल निघतं, बाकी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि बॉक्स यांना ऑइलने जोडणाऱ्या भागात) राहतं. पॅन माझ्यासमोर उघडा असं मेस्त्रींना सांगा, पॅनमधल्या लोहचुंबकावर बारीक करडी पेस्ट असेल तर ती नॉर्मल झीज आहे, बोटावर घेतली तर टोचत नाही. चमकणारे तुकडे किंवा पापुद्रे असतील तर मात्र गॅरेजवाला बरोबर बोलत होता. आणि पॅनला भसाभसा सिलिकॉन लावू देऊ नका, आत सुटलेला तुकडा थेट ऑइलची वाट बंद करतो.

फोर बाय फोरचा भाग लोक विसरूनच जातात. ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या डब्याचं) ऑइल वेगळं, पुढचं-मागचं डिफरन्शियल वेगळं. डी वरून आर (रिव्हर्स) ला टाकताना "ठक्क" होतं ते कित्येकदा प्रॉपेलर शाफ्टचा (चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचा) क्रॉस म्हणजे सांधा किंवा इंजिन माउंटिंग असतं. पुढे-मागे वेगळ्या साइझचे, वेगळ्या झिजेचे टायर घालून फोर बाय फोर लावली, आणि तेही डांबरी रस्त्यावर, तर वळणावर गाडी अडखळते, त्यात बॉक्सचा काही दोष नसतो. टायरच्या बाजूवर टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष, फार जुने असतील तर खोल नक्षी बघून फसू नका.

इन्शुरन्स, पीयूसी आणि १५ वर्षं झाली असतील तर आरसीचं नूतनीकरण, हे झाल्याशिवाय बाहेर काढू नका. पहिली फेरी जवळच्या रिकाम्या रस्त्यावर, नंतर गरम झालेल्या गाडीने दिवे घाट, थेट ताम्हिणी नको. घाटात चढावर आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही असं गरम झाल्यावरच होत असेल, ऑइल-वायरिंग-बॅटरी सगळं नीट असूनसुद्धा, तर मग बॉक्स उघडायला द्या, आणि कुठले पार्ट बदलणार, टॉर्क कन्व्हर्टर त्यात धरलाय का, वॉरंटी किती, हे कागदावर घेतल्याशिवाय अॅडव्हान्स देऊ नका.